बावीस बाटल्या चांदचिंबोरीच्या

बोरिवलीच्या त्या कॉलेजातलं सात नंबरचं कपाट ऋता देवधरने बावीस वर्षांत उघडलं नव्हतं. वेळच आली नाही, असं ती म्हणायची. बाई प्राणिशास्त्राची विभागप्रमुख, किल्ल्यांचा एक जुडगा लॅबमध्ये, दुसरा तिच्याच पर्समध्ये, रोज त्या कपाटासमोरून चारदा जाणार, आणि म्हणे वेळ आली नाही. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतं, दुसरं काय.

यंदा मात्र सुटका नव्हती. प्रिन्सिपॉलांनी फतवा काढला होता की म्युझियमची खोली रिकामी करून तिथे एसीवाला स्मार्ट क्लासरूम करायचा, आणि मार्चच्या आत सगळ्या नमुन्यांची यादी द्यायची. एक ते सहा नंबरची कपाटं ऋताने पंधरा दिवसांत उरकली. साप झाले, समुद्रघोडे झाले, दोन डोक्यांचं कोकरू झालं. सातव्यापाशी येऊन ती दोन दिवस घुटमळली. तिसऱ्या दिवशी दुपारी दादू, म्हणजे तिच्याही आधीपासून तिथे असलेला लॅब अटेंडंट, म्हणाला, "मॅडम, मी उघडू का?" तेव्हा तिला लाज वाटली आणि तिने स्वतःच किल्ली फिरवली.

वरच्या कप्प्यांत स्पिरिटमधले जुने खेकडे होते, पिवळे पडलेले. सगळ्यात खालच्या कप्प्यात बाटल्या होत्या. लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या, घरात ज्या रिकाम्या होतात तसल्या. प्रत्येकीत तळाला कापूस आणि कापसावर एकच खेकडा. पाठ वाटोळी, दोन्ही बाजूंना एकेक लांब काटा, पाय वल्ह्यासारखे चपटे.

ऋताने एक बाटली उचलली. फारच हलकी लागली. आत खेकडा नव्हताच, त्याची कात होती. खेकडा वाढताना अंगावरचं कवच टाकतो, डोळ्यांच्या देठापासून नांगीच्या टोकापर्यंत अख्खंच्या अख्खं, आणि आपण मागच्या फटीतून निघून जातो. मागे उरतो तो हुबेहूब तोच, फक्त आतून रिकामा. तिने दुसरी बाटली बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांत काती.

मग तिने लेबल वाचलं. मटुटा प्लॅनिपस. गोराई. तारीख. त्याखाली, गोळा करणाऱ्याचं नाव: वेंडी मुरझेलो. अक्षर पेन्सिलीचं, कारण शाई फुटते आणि पेन्सिल टिकते. साताच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ, वेंडी मारायची तशी. अक्षर वेंडीचंच होतं, त्यात ऋताला तसूभर शंका नव्हती. पण तारीख होती गेल्या आठवड्यातली, आणि वेंडीला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

ऋता खाली फरशीवरच बसली. "दादू, ह्या बाटल्या कोण आणतं?" तिने विचारलं.

"गोराईहून येतात ना, मॅडम. वर्षाला एक. तुम्हीच तर म्हणता, ठेव कपाटात."

खरं होतं ते. दरवर्षी थंडी सरता सरता दादू स्टाफरूमच्या दारात यायचा, "मॅडम, गोराईची बाटली आलीय," म्हणायचा, आणि ती मान वर न करता "ठेव" म्हणायची. कुणी कोळ्याने काहीतरी पाठवलं असेल, एवढंच. गोराई हा शब्द ऐकला की तिचे कान आपोआप बंद व्हायचे.

"देतं कोण पण?"

"एक म्हातारी. लाल लुगडं नेसते. गेटवर देते आणि जाते. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, ऋताच्या हातातच दे. आता फक्त विचारते, बाईंनी बघितली का. मी काय सांगणार? बघितली म्हणतो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. ऋताने त्या दुपारी एकेक बाटली काढून टेबलावर मांडली. बावीस भरल्या. सगळ्या खेकड्यांचे रिकामे डोळे तिच्याकडे, आणि सगळ्या लेबलांवर मेलेल्या मैत्रिणीची सही. दादू चहा आणायला गेला तसा तिच्या कानात शिट्टी वाजली, लांबून, वाऱ्यावरून आल्यासारखी. ही शिट्टी तिला नवी नव्हती. पावणेचारच्या सुमाराला ती कुठेही वाजायची, वर्गात, बँकेच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे. आजवर तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय, की एक शिट्टी आहे, ती फक्त मला ऐकू येते?

आता वेंडीचं सांगायला हवं. वेंडी मुरझेलो खाडीपलीकडच्या गोराई गावातली, बाप जॉन मच्छीमार, आई एथेल बोरिवलीच्या बाजारात सुकी मासळी विकणारी. एमएस्सीला ऋता आणि वेंडी एका बाकावर. एक बोरिवलीतल्याच बाभईच्या देवधरांची, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या घरातली, आणि एक बोंबलाच्या वासात वाढलेली, पण दोघींची अशी गट्टी की प्रोफेसर एकीला हाक मारायचे आणि ओ दुसरी द्यायची. वेंडीला वेड ह्या एकाच खेकड्याचं. इंग्रजीत ह्याला चंद्राचा खेकडा म्हणतात, म्हणून ती त्याला चांदचिंबोरी म्हणायची. शास्त्रातली प्रजाती मटुटा. तिच्यात आज जिवंत जाती चारच. एकीला तर पौर्णिमेचंच नाव आहे, मलय भाषेतलं. बाकीच्या होत्या त्या कधीच संपल्या, दगडात गेल्या. "जिवंत असताना वाळूत घुसते, मेल्यावर दगडात," वेंडी म्हणायची. "हिला उघड्यावर राहायचंच नाही गं."

त्या वर्षी वेंडीला गोराईच्या वाळूच्या दांड्यावर चिखलाचा एक गोटा मिळाला होता, दगडासारखा कडक झालेला. फुटला तर आत चांदचिंबोरीचा ठसा, पण काटे वेगळे, पाठीवरच्या गाठी वेगळ्या. अर्धा गोटाच हाती लागला होता. उरलेला अर्धा शोधायला दोघी गेल्या.

दांडा किनाऱ्यापासून सुटा होता. ओहोटीला मधली नाळ, म्हणजे पाण्याची चिंचोळी वाट, गुडघाभर पाण्यात चालत ओलांडायची आणि पाणी फिरल्यावर तासाभरात परत यायचं. त्यासाठी पाण्याची वेळ काढावी लागते, आणि ती काढायची मच्छीमारांची रीत सोपी आहे. तिथीचे पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी सरते आणि पाणी फिरतं. जॉनकडे अख्खं गाव ही वेळ विचारायला यायचं. बोटी जॉनच्या शब्दावर सुटायच्या. वेंडी सात वर्षांची असल्यापासून बोटांवर ही वेळ काढत होती.

पण त्या दिवशी वेंडी गोराईहून आलीच नव्हती. प्रॅक्टिकलच्या वह्या पुऱ्या करायला ती दोन दिवस बाभईला, ऋताकडे राहिली होती. निघताना तिने चपला घालता घालता विचारलं, "आज तिथी काय गं?" आणि ऋताने बेधडक सांगितलं, "द्वादशी. काल आईची एकादशी झाली ना." आईने आदल्या दिवशी साबुदाणा खाल्ला होता, आज पोळी आणि वालाची उसळ केली होती. मग आज द्वादशीच की. भिंतीवर कॅलेंडर होतं, चार पावलांवर. बघितलं नाही. वेंडीने बोटं मोजली आणि म्हणाली, "म्हणजे तीनला फिरेल. चारला निघू." ब्राह्मणाच्या घरात तिथी चुकेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसणार.

नियम असा की एकीने दांड्यावर जायचं, दुसरीने किनाऱ्यावर घड्याळ आणि शिट्टी घेऊन थांबायचं. ऋता किनाऱ्यावर थांबली. तासभर हाताशी आहे म्हणून सुरूच्या झाडांत सावलीला जाऊन तिने डबा उघडला. उसळ खाऊन, हात धुऊन, थोडं रेंगाळून ती बाहेर आली तेव्हा पावणेचार झाले होते आणि नाळ तपकिरी पाण्याने भरून वाहत होती. तिने शिट्टी वाजवली. दांड्याच्या पलीकडे वाकलेली वेंडी उठली, तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हात वर केला, अजून आहे वेळ, असा. ऋता वाजवतच राहिली. मग वेंडीला नाळ दिसली. ती पळत आली, पाण्यात उतरली, चांगली पोहत होती. नाळेच्या मध्यावर ओढीने तिला बाजूला नेलं, आणि पुढे नुसतं पाणी.

दोन दिवसांनी ती मनोरीच्या किनाऱ्यावर सापडली.

पण खरी गोष्ट पाण्यातली नाही, किनाऱ्यावरची आहे. त्या संध्याकाळी गावातली माणसं धावत आली. कुणीतरी ऋताचे खांदे धरून विचारलं, "वेळ कोनी काढलेली?" आणि ऋताच्या तोंडून निघून गेलं, "वेंडीने." विचार करून नाही. भीतीने दातखीळ बसली होती आणि त्यातून एवढंच बाहेर पडलं. तेव्हा तर वेळ चुकलीय हेही तिला ठाऊक नव्हतं. ते कळलं घरी आल्यावर. कॅलेंडरवर कालच्या चौकोनात होतं एकादशी, आणि आजच्या चौकोनात, बारीक अक्षरात, भागवत एकादशी. कधीकधी तिथी वाढते आणि एकादश्या दोन येतात. एक स्मार्तांची, दुसरी वारकऱ्यांची. देवधर स्मार्त, त्यांनी पहिली केली. पण चंद्राला कुठे माहीत देवधर कोण? त्याची एकादशी दुसऱ्या दिवशीही चालूच होती. पाणी सव्वादोनला फिरलं होतं.

पाऊण तास. ऋताने उपासाच्या बशीवरून पाऊण तास मैत्रिणीच्या हातात जास्त दिला होता, आणि वर सगळ्यांसमोर तिच्याच माथी मारला होता. दुसऱ्या दिवशी सांगू, दफन झाल्यावर सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू, करता करता नोकरी लागली, आई गेली, केस पांढरे झाले. तोंडात मूग धरून बसलं की नंतर तोंड उघडायचीच चोरी होते.

बाटल्या तिने घरी नेल्या. जेवणाच्या टेबलावर वर्षवार लावल्या आणि तारखा वहीत उतरवल्या. शास्त्राची बाई, काहीही झालं तरी तक्ता करणार. तारखा जुळत नव्हत्या. एका वर्षी जानेवारीचा शेवट, एका वर्षी फेब्रुवारीचा मध्य, एकदा तर फेब्रुवारी सरता सरता. मग तिने फोनवर जुनी पंचांगं काढली आणि एकेक तारीख ताडून बघितली. बावीसच्या बावीस तारखा माघ शुद्ध एकादशीच्या होत्या, वेंडी गेली त्या तिथीच्या. द्वादशी एकही नाही.

तिने शेवटचं लेबल चिमट्याने बाहेर काढून उलटवलं. मागे लिहिलं होतं, पाणी फिरलं दोन वाजून दहा. दुसऱ्यामागे, दोन वीस. तिसऱ्यामागे, सव्वादोन. कुणीतरी बावीस वर्षं त्याच तिथीला त्याच किनाऱ्यावर उभं राहून घड्याळ बघत होतं. आणि ज्याने हे लिहिलं त्याला सगळं ठाऊक होतं. तिने खिडक्या लावून घेतल्या, जसं काही वेंडी खिडकीतूनच येणार होती.

अशा वेळी शहाण्या माणसाने सरळ गोराई गाठावी. ऋताने काय केलं, तर पळवाट शोधली. घरच्या कपाटाच्या खणात, वेंडीने तेव्हा तिच्याकडे ठेवलेला, तो अर्धा गोटा अजून होता. तिने त्याचे फोटो काढून मिहिरला पाठवले. मिहिर तिचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात खेकड्यांच्या जीवाश्मांवर काम करतो. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"मॅडम, हे कुठे होतं इतकी वर्षं? जिवंत चार जातींपैकी एकही नाही हे. दगडातल्या ज्या नोंदलेल्या आहेत त्यांतही बसत नाही. नवीन जात आहे, बहुतेक. नाव तुम्ही ठरवा."

"वेंडीचं," ऋता म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं. वेंडीचं नाव कायमचं शास्त्रात जाईल, एथेल आंटीला आपण हे सांगू, आणि बाकीचं काही सांगावं लागणार नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहील आणि वर त्यात फूलही ठेवता येईल. माणसाला स्वतःचीच कीव यावी असा हिशोब, पण त्या दिवशी तिला तो चोख वाटला.

रविवारी ती जेटीवरून बोटीने पलीकडे गेली आणि टमटमने गावात उतरली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. चर्चची घंटा नुकतीच थांबली होती, माणसं मिसाहून, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेहून, परतत होती. मुरझेलोंचं घर तेच, कौलं जाऊन पत्रे आलेले. समोरच्या अंगणात पन्नाशीचा एक माणूस बोटीचं इंजिन खोलून बसला होता. तो डेल्रॉय, जॉनचा पुतण्या. त्याने ऋताला ओळखलं नाही. एथेलने ओळखलं. दारातच उभी होती, लाल लुगडं, चेहरा वाळलेला, नजर मात्र होती तशीच.

"आलीस," ती म्हणाली. "ये गो. बस. चा ठेवते."

"चहा नको, आंटी." ऋताने घाईघाईने फोन काढला. फोटो दाखवला, गोटा दाखवला, नवीन जात म्हणजे काय ते समजावलं. "हिला वेंडीचं नाव देतोय आम्ही. जगभरातल्या पुस्तकांत राहील. कायमचं."

एथेलने फोटो बराच वेळ बघितला. बोटाने काटा मोठा करून बघितला. मग फोन परत दिला.

"जगात तिचं नाव लावशील," ती म्हणाली. "गावात तिचं काय नाव हाय, ठाऊक हाय तुला?"

ऋताने फोन बंद करून मुठीत धरला.

"पानी चुकलेली. पोरं वाळूत लांब गेली की आया वरडतात, वेंडीवानी पानी चुकशील. ज्या पोरी तिच्यामागनं जल्मल्या त्यांनापन ठाऊक हाय. आनि ह्यांच्याकडं वेळ विचारायला त्या दिसापासनं कोन आला नाय. म्हनतात, जॉनला सोताच्या पोरीला शिकवता आलं नाय, तो आमाला काय सांगनार. बोट विकली ह्यांनी. दर्यावर जात नाय. बावीस वर्सं."

"आंटी, त्या बाटल्या..."

"माज्या हायत. तिच्या वह्या बघून अक्षर गिरवलं. चार यत्ता शिकलेली मी, दोन वर्सं लागली अक्षर बसायला. पहिल्या दोन बाटल्यांची लेबलं मागनं बदलली, दादूकडनं कपाट उघडून घेऊन. जिती चिंबोरी बाटलीत घालवत नाय माज्यानं. म्हनून काती उचलते."

"पण तुम्हाला कळलं कसं?" हे विचारताना आपण काय कबूल करतोय ते ऋताला कळलं. आता मागे घेता येत नव्हतं.

"सुकं विकते मी," एथेल म्हणाली. "एकादशीला बोरिवलीत माजं सुकं खपत नाय. त्या खेपेला दोन दिवस लागून पाटी भरलेली परत आनली. पहिल्या दिवशी पहिली एकादशी धरनारे घेत नायत, दुसऱ्या दिवशी वारकऱ्यांची धरनारे घेत नायत. दोन एकादश्या. मला ठाऊक होतं ना. माज्या घरातनं निघाली असती तर वेंडीला मी सांगितलं असतं. पन ती तुज्या घरातनं निघाली. माजी पोर दुसऱ्याच्या घरात तिथी विचारनारच. बापानं तेच शिकवलेलं, आदी तिथी विचार."

बाहेर डेल्रॉयचा पाना दगडावर पडून वाजला. ऋता दचकली.

"मग तोंडावर का नाही विचारलंत मला?" ती म्हणाली. रडू येत होतं आणि स्वतःच्या रडण्याचा रागही येत होता. "एवढी वर्षं नुसत्या बाटल्या पाठवल्यात."

"विचारलं असतं तर तू हो म्हनली असतीस. मंग मी म्हातारी बाजारात बोंब मारत फिरले असते, आनि लोक म्हनले असते, आयच्या जिवाला लागलंय, सोडून द्या. माज्या सांगन्यानं काय होनार? तू सांगायचं." एथेलने पदराने कपाळ पुसलं. "तू लेबल वाचनारी पोर. म्हटलं, एक दिवस वाचशील. दरवर्सी वाटायचं, ह्या वर्सी येईल."

"मी सांगते," ऋता म्हणाली. "तुम्हाला सांगते, आंटी. तिथी मी..."

"मला नको." एथेलने हात वर केला. "मला ठाऊकच हाय. ह्यांना सांग."

जॉन बाहेर ओट्यावर उन्हात बसला होता. ऐंशीचा असेल. इतका वाळलेला की ऋताने आत येताना त्याला बघितलंच नव्हतं, शर्ट वाळत घातलाय असं वाटलं होतं. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"अंकल, मी ऋता. वेंडीची मैत्रीण."

जॉनने मान हलवली, पण नजर भलतीकडेच. एथेल दारातून म्हणाली, "ऐकू येत नाय त्यांना. मोठ्यानं बोल."

ऋताने आजूबाजूला बघितलं. मिसाहून परतणाऱ्या बायका गल्लीतून येत होत्या, नव्या कपड्यांतली पोरं त्यांच्यामागे. हळू सांगायची गोष्ट होती ही. कानाशी लागून, हात हातात घेऊन सांगायची. बावीस वर्षं मनात घोळलेली सगळी वाक्यं हळू आवाजातलीच होती.

"अंकल, त्या दिवशी पाण्याची वेळ माझ्यामुळे चुकली होती," ती म्हणाली.

"काय?" जॉन म्हणाला.

"वेळ. पाण्याची. तिथी मी सांगितली होती, वेंडीला." आवाज चढला. गल्लीतली एक बाई थांबली.

"कोनाची वेळ?"

"पाण्याची." आता ती ओरडत होती. घसा फाटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि थांबता येत नव्हतं. "तिथी मी चुकीची सांगितली. एकादशी होती, मी द्वादशी सांगितली. वेंडी चुकली नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आणि नंतर मी खोटं बोलले. सगळ्यांना सांगितलं की वेळ तिने काढली, तिथी माझी होती हे लपवलं. मी खोटं बोलले, अंकल."

डेल्रॉय इंजिनावरून उठून उभा राहिला होता, हात ग्रीसने काळे. जॉन तसाच बसून होता. त्याचे ओठ हलत होते. डाव्या हाताच्या अंगठ्याने तो बोटांची पेरं मोजत होता, एकेक करत, अकरापर्यंत गेला, थांबला, मग बारा. पुन्हा अकरावर आला. पाऊणपट केलं असावं, कारण त्याने मान वर करून पहिल्यांदा सरळ ऋताकडे बघितलं.

"द्वादशीला तीन," तो म्हणाला. "पोरीनं तीन धरले असनार."

"हो. तीन म्हणाली. चारला निघू म्हणाली."

"बरोबर काढले तिनं."

"हो, अंकल. बरोबर काढले."

जॉन रडला नाही. ऋताला वाटत होतं तो रडेल, किंवा मारेल, दोन्हींपैकी काही झालं असतं तर तिला सोसलं असतं. त्याने ओट्याला हात टेकला आणि दोन प्रयत्नांत उभा राहिला. गल्लीत थांबलेल्या बायकांकडे बघितलं, त्यांच्या पोरांकडे बघितलं.

"डेल्रॉय," त्याने हाक मारली. आवाज मोठा होता. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही त्याचा असतो तसा, आणि शिवाय कधीकाळी बोटीवरून बोटीवर पोचणारा. "हिकडं ये. तुज्या बापाला आन. शेजारच्या पास्कूला आन, त्याच्या बायकोला आन. क्रुसापाशी जी उभी हायत त्यांनापन बोलाव."

डेल्रॉय गेला. माणसं येऊ लागली. अंगण भरलं, मग गल्ली भरली. एथेल दारात होती, तिने ऋताला पाणी दिलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. सगळे जमले तसा जॉन पुन्हा ओट्यावर बसला आणि त्याने तळहात कानामागे धरला.

"आता परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासनं."